आज कुठं दुखून राहिलंय?

ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही हो. आपण आपलं काम करत राहतो, चहा पीत राहतो, बदल्यांच्या अफवा ऐकत राहतो. मग कुठल्यातरी लग्नात कोणीतरी म्हणतं, "ते बालाजीचं सांग ना!" बालाजीचं सांगितलं की पठाणभाईंचं आठवतं. पठाणभाईंचं निघालं की माझी बायको मागून म्हणते, "स्वतःचं खुर्चीचं बी सांगा की!" तर आज सगळंच एकदाचं सांगून टाकतो. मधेच कोणी उठायचं नाही. उठताना ज्यांच्या तोंडून "आई गं" निघतं त्यांनी तर मुळीच नाही.

मी नायगावला तालुक्याच्या ऑफिसात आवक-जावक बघतो. आलेलं पत्र वहीत चढवायचं, जाणारं पत्र वहीत उतरवायचं. या कामानं माणसाचं काही दुखत नाही, फार तर डोकं. पण आमच्या ऑफिसात सोनकांबळे साहेब आले आणि सगळंच दुखायला लागलं.

साहेब विस्तार अधिकारी. वय सत्तावन्न, उंची बेताची, मनगट माझ्या दंडाएवढं. दरवर्षी हिवाळ्यात नांदेडला कर्मचाऱ्यांच्या तालुकावार स्पर्धा होतात, त्यात नायगावची रस्सीखेचची टीम साहेब उतरवतात. आठ जण. आणि अकरा वर्षं झाली, ही टीम पहिल्याच फेरीत हरते!

आता यातली गोम ऐका. पहिली फेरी सकाळी होते. हरलेल्या टीमच्या हातात जेवणाचं पाकीट देतात आणि टेम्पोत बसवून देतात. जिंकलेले मात्र मंडपात बसून गरम गरम जेवतात, आणि जेवण झालं की त्यांची दुसरी फेरी. अकरा वर्षांत तो मंडप आम्ही फक्त टेम्पोच्या मागून बघितलेला. बुंदीचा वास तेवढा यायचा.

साहेब येत्या मे महिन्यात रिटायर होणार होते. दिवाळी झाली तशी त्यांनी आम्हाला बोलावलं आणि म्हणाले, "मला कप नको, मेडल नको. मला एकदा जेवणानंतरची म्याच खेळायची हाय. बस्स, येवढंच."

कोणीच हसलं नाही. एरवी आम्ही कशालाही हसतो.

*

साहेबांचा एक सिद्धांत होता. काल प्रॅक्टिस केली आणि आज दुखत नसेल, तर काल तू प्रॅक्टिस केलीच नाही! म्हणून रोज सकाळी सहाला ऑफिसच्या मागच्या मैदानावर जी हजेरी व्हायची, तिच्यात "हजर साहेब" चालायचं नाही. नाव पुकारलं की काय दुखतंय ते सांगायचं. साहेबांनी त्यासाठी वेगळं रजिस्टर केलं होतं, रकाने आखून.

"जाधव, आज कुठं दुखून राहिलंय?"

"उजवी पोटरी, साहेब."

"बालाजी?"

"दोन्ही मांड्या अन् कंबर."

"शाब्बास!"

ज्याचं काही दुखत नाही त्याला पन्नास बैठका. त्यामुळं खोटं बोलायची सोय आपोआप झाली. त्यात पठाणभाईंची पंचाईत. पठाणभाई आमच्या जीपचे ड्रायव्हर, देह अवाढव्य. दोरीच्या शेवटी कमरेला दोर गुंडाळून उभे राहणार, म्हणजे टीमचा खुंटाच. त्यांचं कधी काही दुखतच नव्हतं! पहिल्या आठवड्यात त्यांनी मान सांगितली, कोपर सांगितलं, घोटा सांगितला. दुसऱ्या आठवड्यात जागा संपल्या.

"पठाण, आज कुठं?"

पठाणभाईंनी जरा वेळ आभाळाकडं बघितलं. "साब, आज पलकां दुखरे."

साहेबांनी पेन थांबवलं. "दोन्ही?"

"नै साब. एकीच. सीधी."

साहेबांनी शांतपणे रजिस्टरमधे लिहिलं, 'उजवी पापणी'. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी विचारलं, "पठाण, पापणी कशी हाय आता?"

*

पठाणभाईंचं सोडा, आमचं खरंच दुखायचं. कालचं दुखणं जायच्या आत आजचं हजर. तीन आठवडे झाले तरी अंग आंबलेलंच. बसलं की उठवत नव्हतं, उठलं की बसवत नव्हतं.

आमचं ऑफिस वरच्या मजल्यावर. जिना चढताना त्रास कमी, उतरताना मांड्यांतून अशी कळ यायची की बाप आठवायचा. बालाजीनं शोध लावला की उलटं उतरलं तर कमी दुखतं. झालं! आम्ही सगळे कठड्याला धरून, पाठमोरे, एक एक पायरी उतरायला लागलो.

एक दिवस एक म्हातारे शेतकरी बाबा दाखला घ्यायला आले. जिन्यात बघतात तर तीन कर्मचारी एकामागोमाग एक उलटे उतरून राहिलेत, बगलेत फायली. बाबा बाजूला झाले, टोपी काढली, आणि अगदी अदबीनं विचारलं, "साहेब, ह्याचा नवीन जीआर निघाला का?"

आणि आम्ही काही बोलायच्या आत तेही वळले आणि उलटे चढायला लागले! दाखला लवकर मिळावा म्हणून माणूस काय करेल सांगता येत नाही.

*

मग सुरू झाला बाम. प्रत्येकाच्या टेबलावर एक बाटली. सकाळी एकदा, जेवायच्या सुट्टीत एकदा, कोणी साहेब दौऱ्यावर गेले की आणखी एकदा. माझे तर हात कायम बामाचे, आणि त्याच हातानं जावक टपाल. प्रत्येक पत्र माझ्या हातून जाणार.

एक दिवस नांदेडच्या ऑफिसातून फोन. तिथले जुने हेडक्लार्क, कडक माणूस. मी म्हटलं काहीतरी चुकलं.

"जाधव, तुमच्या फायलीला काय लावून राहिले तुम्ही?"

"काही न्हाई साहेब... ते जरा... पाठ..."

"असू द्या, असू द्या. बंद करू नका. आमच्या इथं सगळ्यांला सर्दी झालीय. नायगावची फाईल उघडली की नाक मोकळं होतंय. उद्या दोन जास्तीच्या पाठवा!"

त्या महिन्यात आमचे जेवढे प्रस्ताव मंजूर झाले तेवढे आधी कधी झाले नव्हते. कशामुळं झाले ते मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

*

आता खुर्चीचं. आमच्या घरी संडास देशी. बाकीचं तुम्ही समजून घ्या.

बायकोनं सगळे उपाय केले. निर्गुडीचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ झाली. वीट तापवून, फडक्यात गुंडाळून शेकून झालं. करडईचं तेल चोळून झालं. एवढं सगळं झाल्यावर मी सकाळी आत गेलो आणि आतून हाक मारली, "मंदे, मला उठव गं!" कडी आतून लावलेली. ती कशी उघडली ते विचारू नका.

मंदा तडक शेजारी गेली. शेजारच्या कोंडाबाई आजींकडं मधे भोक असलेली एक प्लास्टिकची खुर्ची होती, त्यांच्या कमरेच्या ऑपरेशनच्या वेळी आणलेली. ती मागून आणली. मला स्वर्ग मिळाला!

दुसऱ्या दिवशी पहाटे मी निवांत बसलोय, तर बाहेरून काठीची टकटक.

"झालं का रे बाबा? माझी बारी हाय."

"आलो, आलो आजी!"

"मला त्र्याऐंशी सरलं म्हणून मी बसते खुर्चीवर. तुला काय सरलं?"

आतून बोलायची लाज वाटत होती, पण सांगावं लागलं. "आजी, दोरी ओढून अंग धरलंय."

"कुठल्या हिरीची?"

"हिरीची न्हाई आजी. स्पर्धा हाय. दोरीच्या त्या टोकाला बी माणसंच असतात. ते तिकडं ओढतात, आम्ही हिकडं."

काठीची टकटक थांबली. मला वाटलं गेल्या. मग म्हणाल्या, "मी जल्मभर दोरी ओढली, पर माझी घागर तरी वर यायची! तुमचं काय वर येतंय?"

मी उठायची खटपट करत होतो, तर आजीच पुढं म्हणाल्या,

"अन् ते लोक एवढ्या जोरात ओढून राहिले, तर तुम्ही सोडून द्या की दोरी. पडतील आपोआप!"

मी ऑफिसात गेल्यावर ही आयडिया साहेबांना सांगितली. साहेबांनी गंभीरपणे विचार केला आणि म्हणाले, "नियमात बसत न्हाई." म्हणजे नियमात बसली असती तर त्यांनी केली असती!

*

बालाजीचं लातूरचं राहिलं. बालाजी आमचा ज्युनिअर क्लार्क, अठ्ठावीस वर्षांचा, लग्नाचा. एका रविवारी लातूरला मुलगी बघायला जायचं ठरलं. साहेबांकडं सुट्टी मागितली तर साहेब म्हणाले, "जा की. लग्नाच्या कामाला मी कशाला आडवा येऊ? फक्त उद्याच्या बैठका आजच काढून जा."

शनिवारी दीडशे बैठका! रविवारी बालाजी, त्याचे मामा आणि मी एसटीनं निघालो. बसायला जागा होती, तरी पोरगं लातूरपर्यंत उभं. "जाधव काका, बसीन हो, पर लातूर आल्यावर उतरवणार कोण मला?"

मुलीच्या घरी गेलो. समोर दिवाणावर मुलीचे आजोबा. मामांनी बालाजीला कोपर मारलं, "पाया पड." बालाजी वाकला. आजोबांनी पाठीवर हात ठेवला, "सुखी राहा." आणि बालाजी तिथंच राहिला! मांड्या धरल्या. खाली जाता येईना, वर येता येईना.

आजोबा म्हणाले, "ऊठ बाळा."

बालाजी खालूनच म्हणाला, "राहू द्या आबा."

आजोबांच्या डोळ्यांत पाणी आलं हो! ते बाजूला झाले तसे मुलीचे थोरले काका पुढं येऊन उभे राहिले, पोरगं वाकलेलंच आहे तर आपणही आशीर्वाद देऊन टाकावा. मग धाकटे काका. मग आत्याबाई. मग शेजारचे एक गृहस्थ, जे फक्त पेपर परत द्यायला आले होते. बालाजीला चेहरा एकाचाही दिसला नाही, पाय मात्र सगळ्या खानदानाचे पाठ झाले.

"लई संस्कारी पोरगं हाय!" आत्याबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या.

तेवढ्यात मुलगी चहा घेऊन आली. अश्विनी तिचं नाव. तिनं एकदाच बघितलं, ट्रे ठेवायच्या निमित्तानं त्याच्याजवळ गेली आणि हळूच म्हणाली, "मांड्या भरल्यात का? गुडघ्यावर हात दाबा, एक पाय मागं घ्या, अन् मंग उठा."

बालाजी उठला. लाल झाला होता. "तुमाला कसं कळलं?"

"पोलीस भरतीची तयारी करून राहिले मी. ग्राउंडची प्रॅक्टिस चालू हाय. तुम्ही मला बसा म्हणू नका, परवापासून उभीच हाय!"

मग दोघांना गच्चीवर बोलायला पाठवलं, तर अर्धा तास दोघं उभ्यानंच बोलले. खालच्या मंडळींनी अर्थ काढला की पोरांना एकमेकांसमोर बसायची लाज वाटून राहिली. सोयरीक तिथल्या तिथं पक्की!

आजोबांनी एकच अट घातली. लग्नात जावयानं आमच्या सगळ्या पाहुण्यांच्या असंच, निवांत पाया पडायचं. पाहुणे साताठशे!

*

साहेबांची धाकटी लेक प्रज्ञा लातूरला फिजिओथेरपिस्ट. अंग धरलेल्या लोकांना मोकळं करणं हाच तिचा धंदा. एका रविवारी ती माहेरी आली होती, ती सकाळी वडिलांचा चहा घेऊन मैदानावर आली आणि नेमकी हजेरी चाललेली. तिनं ते रजिस्टर हातात घेतलं, पानं उलटली.

"बाबा, ही टीम आहे का वॉर्ड?"

साहेब म्हणाले, "तुला काय कळतंय? अंग दुखल्याबिगर ताकद येत न्हाई."

"एक-दोन दिवस दुखलं तर बरोबर आहे. हे तीन-तीन आठवडे दुखतंय! अंगाला सावरायला वेळच देत नाही तुम्ही. एक दिवस ओढा, एक दिवस नुसतं चाला. ओढायच्या आधी अंग गरम करा. पाणी प्या, झोपा. हे काय, 'उजवी पापणी' कोणाची?"

पठाणभाई पुढं आले. तिनं खरोखर त्यांची पापणी खालीवर करून बघितली. "काका, काय होतंय?"

पठाणभाई विरघळले. "बेटी, तेरे से क्या झूट बोलना. मेरा कुछ नै दुखता. बैठकां से बचने को बोल्या मैं."

"काहीच दुखत नाही? मग प्रॅक्टिस झाल्यावर काय करता तुम्ही?"

"जीप में घंटाभर सो जाता."

"बघा!" प्रज्ञा आमच्याकडं वळली. "अख्ख्या टीममधे एकच शहाणा माणूस आहे."

साहेबांचा चेहरा बदलला. "जीपमधी झोपतो? कधी?"

"आप मीटिंग में रहते ना साब, तब."

आम्ही पोट धरून हसलो, आणि पोटही दुखतच होतं. साहेब मात्र हसले नाहीत. म्हणाले, "आराम करून कोणी जिंकलंय का गं?"

"आणि दुखून कोण जिंकलंय, बाबा? अकरा वर्षं झाली."

हे ती हसतच बोलली होती. पण साहेबांनी रजिस्टर मिटलं, बगलेत घेतलं आणि म्हणाले, "बरं. उद्यापासून एक दिवसाआड." त्यांचा आवाज असा उतरलेला मी पहिल्यांदा ऐकला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

*

गुरुवारी आराम. मी प्रज्ञानं सांगितल्याप्रमाणं सकाळी नुसतं चालायला निघालो. ऑफिसच्या मागून येतो तर लिंबाच्या झाडाला दोरी बांधलेली, आणि दुसऱ्या टोकाला साहेब! टाचा मातीत रुतलेल्या, तोंड लालबुंद.

"साहेब! आज आराम हाय ना?"

साहेबांनी दोरी सोडली नाही. "मी कुठं ओढून राहिलो? झाड ओढून राहिलंय. मी नुसतं धरलंय."

मी हसत हसत जवळ गेलो तर त्यांचे तळहात सोलून निघाले होते. मी दोरी त्यांच्या हातातून काढून घेतली, पारावर बसवलं. साहेबांना असं बसवायची हिंमत मी कधी केली नसती, पण त्या दिवशी केली.

साहेब म्हणाले, "जाधव, प्रज्ञा ल्हान होती तवापासून बघतेय. स्पर्धेच्या दिवशी मी दोन वाजताच घरी. पोरगी उड्या मारायची, 'बाबा आज लवकर आले! बाबा आज लवकर आले!' तिला आनंद व्हायचा अन् मला मेल्याहून मेल्यागत व्हायचं. आता ती मोठी झाली. स्पर्धेला मुद्दाम घरी येते, काही म्हणत न्हाई, गुपचूप ताट वाढते. ते तर लईच लागतंय बघ."

मी आपली दोरी गुंडाळत बसलो.

जरा वेळानं साहेब म्हणाले, "कोणाला सांगू नको."

"न्हाई सांगत साहेब."

"अन् ती दोरी तशीच राहू दे झाडाला. संध्याकाळी झाडाची प्रॅक्टिस हाय."

*

आता स्पर्धेचा दिवस. नांदेड, मोठं मैदान, मंडप, लाउडस्पीकर. आमच्यासमोर पहिल्या फेरीत किनवट. तीन ओढी, दोन जिंकल्या की पुढं.

पहिली ओढ आम्ही जिंकलो! दुसरी हरलो. तिसरीला काय झालं मला नीट आठवत नाही. पुढं साहेब, त्यांच्या मागं बालाजी, मग मी, आणि शेवटाला पठाणभाई डोळे मिटून "या अल्लाह, या अल्लाह" करून राहिले होते. दोरी ना इकडं ना तिकडं. एकदम किनवटचा पहिला गडी रेषेच्या अलीकडं आला, शिट्टी वाजली, आणि आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर पडलो.

जिंकलो! पण जिंकल्यावर काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. बालाजी तर उठून सवयीनं टेम्पोकडं चालायला लागला. त्याला धरून आणावं लागलं.

साहेबांनी बाजूला जाऊन फोन लावला. मी जवळच होतो. म्हणाले, "प्रज्ञा... अगं, आज मला घरी याया उशीर होईल." एवढंच बोलले. मग तिकडून ती काहीतरी सांगत होती आणि साहेब नुसतं "हाव... हाव..." करत होते.

फोन ठेवून आले आणि म्हणाले, "पोरांनो, प्रज्ञानं सांगितलंय, आता खाली बसायचं न्हाई. हिंडत हिंडत जेवा. बसले तर अंग धरंल."

आम्ही "हो साहेब" म्हटलं. पण मंडपात गेलो तर पंगत मांडलेली! पुरी, वांग्याची भाजी, वरण-भात, आणि बुंदी. अकरा वर्षं वास घेतलेली बुंदी! सातही जण मांडी ठोकून बसलो. साहेब मात्र ताट हातात घेऊन मंडपभर फिरत होते. खांब बघत होते, वाढपी बघत होते, ज्याला त्याला सांगत होते, "आमची जेवणानंतर म्याच हाय."

लाउडस्पीकरवर पुकारा झाला, "रस्सीखेच, दुसरी फेरी, नायगाव विरुद्ध भोकर! दोन्ही संघांनी मैदानावर यावं!"

आम्ही उठायला गेलो.

कोणी उठलं नाही. उठताच येईना! बालाजीच्या पोटरीत गोळा, माझ्या दोन्ही मांड्या लाकूड झालेल्या. बाकीचे चौघं अर्धे उठून परत ताटावर. पठाणभाई तर भात खाता खाता बसल्याजागी झोपलेले, त्यांना हलवलं तर तेही म्हणाले, "जाधवभाई, आज सच्ची में दुखरा!"

दुसरा पुकारा झाला. साहेब आमच्यासमोर आले. मला वाटलं आता शिव्या देतील, द्यायलाच पाहिजे होत्या. त्यांनी एक एक करून सगळ्यांकडं बघितलं, आपलं ताट खाली ठेवलं, हात धुतले, आणि एकटेच मैदानाकडं चालायला लागले.

भोकरची टीम आधीच उभी होती. आठ धिप्पाड गडी. ते अनवाणीच ओढतात, काळ्या मातीत पायाची बोटं रुतवून. त्यांचा कॅप्टन एक तलाठी, मिशीवाला, त्या दिवशी अजून एकही ओढ न हरलेला. साहेबांनी समोर जाऊन दोरीचं आपल्या बाजूचं टोक उचललं आणि पाय रोवून उभे राहिले. एकटे.

पंच तरुण होते. त्यांना कळेना. "साहेब, बाकीचे सात?"

"येऊन राहिलेत."

"साहेब, तिसरा पुकारा झालाय. समोरचा संघ तयार असला की मला शिट्टी वाजवावी लागते. एकट्याला खेळता येत नाही, तुमची टीम बाद होईल."

"हाव," साहेब म्हणाले. दोरी सोडली नाही.

इकडं आम्ही मंडपातून निघालो होतो. बालाजी खांबाला धरून, मी बालाजीला धरून, आणि मागं पठाणभाई अन् बाकीचे चौघं रांगत. मैदान अजून चांगलं पन्नास पावलं लांब.

पंचांनी शिट्टी तोंडात धरली. "भोकर, तयार?"

भोकरच्या कॅप्टननं साहेबांकडं बघितलं. मग मंडपाकडं बघितलं, आमच्याकडं. मग हात वर केला.

"थांबा सर. माझ्या बुटाची नाडी सुटलीय."

आणि खाली वाकून बसला. त्याचं बघून त्याच्या मागचे सातही जण खाली बसले.

पंचांनी त्या सोळा अनवाणी पायांकडं बघितलं. आम्ही रांगत येऊन राहिलो होतो तिकडं बघितलं. मग शिट्टी तोंडातून काढली आणि म्हणाले, "बांधा. नीट घट्ट बांधा. घाई न्हाई."